विक्रेता राज्यात ‘आहे’ म्हणजे नक्की काय?

समजा, तुमचं गोदाम अमेरिकेच्या एका राज्यात आणि गिऱ्हाईक दुसऱ्या राज्यात. मग विक्रीकरासाठी त्या दुसऱ्या राज्यातही नोंदणी करायची का?

१९६७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने बेलास हेस खटल्यात सांगितलं, की नुसता टपालाने माल पाठवणाऱ्याला राज्य कर गोळा करायला लावू शकत नाही; तिथे त्याचं दुकान, गोदाम किंवा माणसं हवीत. १९९२ मध्ये क्विल खटल्यात हीच कसोटी टिकली. पुढे खरेदी इंटरनेटवर आली, कसोटी मात्र कॅटलॉगच्या काळातलीच.

साउथ डकोटात राज्याचा आयकर नाही, त्यामुळे भिस्त विक्रीकरावर. तिथे २०१६ मध्ये कायदा झाला: राज्यात वर्षाला १ लाख डॉलरपेक्षा जास्त विक्री किंवा २०० व्यवहार झाले, की कर गोळा करायचा. २०१८ मध्ये वेफेअर खटल्यात कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी जुनी कसोटी रद्द केली.

आता गंमत बघा. १० डॉलरच्या २०० वस्तू विकणाराही, म्हणजे फक्त २,००० डॉलरची विक्री असलेला, या जाळ्यात आला! २०२३ मध्ये साउथ डकोटाने ही २०० व्यवहारांची अट काढली.

म्हणून २०१८ च्या आधीचे आणि नंतरचे नोंदणीचे आकडे शेजारी मांडताना आधी व्याख्या तपासा. आकडा वाढला म्हणजे विक्रेते वाढले, असं नसतं.