लस, लसीका आणि हत्तीपाय

जखम चिघळली की तिच्यातून पाझरणाऱ्या चिकट पाण्याला मराठी माणूस ‘लस’ म्हणतो. गोदेवीच्या फोडातले असेच पाणी टोचून देवीचा रोग टळू लागला, तेव्हा त्या टोचणीलाही तेच नाव मिळाले. ‘लसीका’ (लिम्फ) हा शब्द मात्र पाठ्यपुस्तकी, असा आक्षेप येतो. पण हा शब्द चरकसंहितेत आहे, आणि पायाला जखम झाल्यावर जांघेत येणारी गाठ, अवधाण म्हणतात ती, लसीकाग्रंथीच असते.

हत्तीरोग आढळणाऱ्या भंडारा जिल्ह्यात ‘लसीका’ हा शब्द घरोघरी पोचायला हवा. हत्तीरोगाचा कृमी क्युलेक्स डासाच्या चाव्यातून शिरतो आणि लसीकावाहिन्यांत वर्षानुवर्षे राहतो. पाय सुजतो तो फार उशिरा. ‘हत्तीपाय’ चटकन कळतो, हे खरेच. पण ते नाव रोगाचा शेवट सांगते, म्हणून हत्तीरोगाच्या गोळ्या वाटल्या जातात तेव्हा धडधाकट माणूस ‘मला गोळी कशाला?’ असे विचारतो. अंगावर खूण नसतानाही रक्तात कृमीची पिल्ले असू शकतात. गरोदर स्त्रिया, दोन वर्षांखालील मुले आणि गंभीर आजारी सोडून बाकी सर्वांनी डीईसी व अल्बेंडाझोलच्या गोळ्या, जेवून, आशाताईंसमोरच घ्याव्यात.