गाडीचे लेव्हलिंग जॅक पूर्ण वर येत नाहीत? जेसीबी असो की कॅराव्हॅन, आधी हे तपासा

पनवेल–रोहा रेल्वेमार्गावर आपटा आणि हमरापूरच्या मध्ये जिते नावाचं स्टेशन आहे. जवळूनच मुंबई–गोवा महामार्ग जातो. या पट्ट्यात दोन प्रकारच्या गाड्या तुम्हाला दिसतील. पहिल्या म्हणजे भराव, खोदकाम आणि रस्त्याच्या कामावरचे जेसीबी आणि हायड्रा. दुसऱ्या म्हणजे अलिबाग, मुरूड किंवा थेट गोव्याकडे निघालेल्या कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, तेव्हापासून या गाड्यांबद्दल तरुण मुलांमध्ये उत्सुकता वाढली आहे.

दिसायला या गाड्या अगदी वेगळ्या, पण जेसीबीमध्ये आणि बऱ्याच मोठ्या कॅराव्हॅनमध्ये एक भाग सारखा असतो: जमिनीवर टेकणारे पाय. कोणी त्यांना जॅक म्हणतं, कोणी स्टॅबिलायझर, तर कोणी सरळ 'पाय'. काम संपलं, बटण दाबलं किंवा लिव्हर ओढला आणि पाय अर्ध्यातच अडकला, तर काय करायचं? या लेखात आपण तेच स्टेप बाय स्टेप पाहणार आहोत.

आधी एक महत्त्वाची गोष्ट

पाय खाली लोंबत असताना गाडी चालवू नका. "दोनच किलोमीटर जायचंय" हे कारण चालत नाही. लोंबणारा पाय स्पीड ब्रेकरला, खड्ड्याच्या काठाला किंवा रेल्वे फाटकातल्या रुळाला अडकू शकतो. त्यात रॉड वाकतो, चेसिसला मार बसतो आणि गाडी रुळावरच अडकली तर जिवावर बेततं. शिवाय हा खर्च साध्या सीलच्या खर्चापेक्षा कितीतरी मोठा असतो.

हे पाय चालतात कसे?

बिघाड शोधायचा तर यंत्रणा थोडी समजून घ्यावी लागेल. मुख्य प्रकार तीन:

१. स्प्रिंगने वर येणारा हायड्रॉलिक जॅक. पंप तेल दाबतो आणि पाय खाली जातो. वर येताना पंपाचं काम नसतं. व्हॉल्व्ह उघडतो, स्प्रिंग पाय वर खेचते आणि तेल परत टाकीत जातं. काही कॅराव्हॅनमध्ये हा प्रकार असतो.

२. दोन्हीकडून तेलाचा दाब असणारा जॅक. खाली ढकलायलाही तेल आणि वर खेचायलाही तेल. जेसीबीचे पाय असेच असतात. कॅराव्हॅनमध्येही हा प्रकार मिळतो.

३. इलेक्ट्रिक किंवा हाताने फिरवायचा जॅक. यात तेल नसतं. मोटर किंवा हँडल स्क्रू फिरवतं आणि पाय वर-खाली होतो.

जाता जाता एक माहिती. 'जेसीबी' हे यंत्राचं नाव नाही, कंपनीचं आहे. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ मध्ये इंग्लंडमध्ये ती सुरू केली आणि त्यांच्या नावाची आद्याक्षरं म्हणजे जेसीबी. यंत्राचं खरं नाव बॅकहो लोडर.

पहिला प्रश्न: एकच पाय अडकलाय की सगळे?

या एका प्रश्नाने अर्धा बिघाड सापडतो.

- सगळेच पाय हळू किंवा बंद: दोष सगळ्यांना सामाईक असलेल्या भागात आहे. बॅटरी, फ्यूज, पंप, तेलाची पातळी, फिल्टर.
- एकच पाय अडकलाय: दोष त्या पायापुरता आहे. त्याचा व्हॉल्व्ह, होज पाइप, सील, स्प्रिंग, वाकलेला रॉड किंवा खालचा चिखल.
- पाय वर आलाय, पण दिवा किंवा बझर चालूच: बहुतेक वेळा जॅक ठीक असतो, सेन्सर किंवा त्याची वायर खराब असते. पण खाली वाकून डोळ्यांनी खात्री केल्याशिवाय हे गृहीत धरू नका.

स्टेप १: गाडी सुरक्षित करा

हँडब्रेक लावा. चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. मुलांना लांब ठेवा. गाडी फक्त जॅकवर उभी असेल तर तिच्या खाली हात, डोकं, काहीच घालायचं नाही. व्हॉल्व्ह अचानक सुटला की गाडी एका क्षणात खाली बसते.

हँडब्रेकचा आणखी एक फायदा आहे. अनेक कॅराव्हॅनमध्ये हँडब्रेक लावल्याशिवाय जॅकचं पॅनेल चालूच होत नाही. कधी कधी 'बिघाड' इथेच संपतो.

स्टेप २: चिखल पाहा

पेण तालुक्यात खाडीकडच्या बाजूला खारजमीन आहे. पावसाळ्यात तिथली चिकण माती पायाला घट्ट धरून ठेवते. तळाखाली हवा शिरायला जागा नसते, म्हणून पाय ओढला की तो चोखल्यासारखा रुततो. अशा वेळी जॅक बिघडलेला नसतोच.

जोर लावत बसू नका. पायाच्या कडेची माती फावड्याने मोकळी करा, एका बाजूने पहार घालून हवा आत जाऊ द्या आणि मग पाय थोडा वर-खाली करत काढा. हे करताना माणूस बाजूला उभा राहील, गाडीखाली नाही.

पुढच्या वेळी हे टाळायचं असेल तर पायाखाली फळी टाका. हिशोब सोपा आहे. समजा एका पायावर २,००० किलो भार आहे. पायाचा तळ २० बाय २० सेंटीमीटर, म्हणजे ४०० चौरस सेंटीमीटर असेल तर दर चौरस सेंटीमीटरला ५ किलो दाब येतो. खाली ६० बाय ६० ची जाड फळी टाकली की तोच भार ३,६०० चौरस सेंटीमीटरवर पसरतो आणि दाब जेमतेम अर्धा किलो राहतो. नऊपट कमी. फळी मात्र जाड आणि न वाकणारी हवी.

स्टेप ३: बॅटरी आणि आवाज

कॅराव्हॅनचा जॅक पंप सहसा १२ व्होल्टवर चालतो आणि भरपूर करंट ओढतो. मल्टिमीटर लावा. गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी होत आलेली. पंप चालू असताना आकडा ११ च्याही खाली घसरत असेल तर बॅटरी, गंजलेलं टर्मिनल किंवा सैल अर्थिंग तपासा. पाय वर घेताना इंजिन चालू ठेवणं चांगलं, कारण चार्जिंग मिळत राहतं. उत्पादकाच्या पुस्तिकेत वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा.

आता कान द्या.

- काहीच आवाज नाही: फ्यूज, स्विच, वायर.
- 'टक' आवाज येतो, पंप फिरत नाही: रिले, बॅटरी किंवा मोटर.
- पंप फिरतो, पाय हलत नाही: तेल कमी, व्हॉल्व्ह अडकलेला किंवा पाइप दबलेला.
- स्प्रिंगवाल्या जॅकमध्ये वर घेताना 'टक' आवाजच येत नाही: व्हॉल्व्ह उघडत नाहीये, त्याची वायर किंवा कॉइल पाहा.

स्टेप ४: तेल

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. तेलाची पातळी पाय पूर्ण वर असतानाच पाहायची असते. पाय खाली असताना बरंचसं तेल सिलिंडरमध्ये गेलेलं असतं आणि टाकी रिकामी दिसते. घाईत कोणी त्याच वेळी टाकी काठोकाठ भरली, तर पाय वर घेताना परत येणाऱ्या तेलाला जागाच उरत नाही. मग ते झाकणातून बाहेर येतं किंवा पाय अर्ध्यात थांबतो.

तेलाचा रंगही पाहा. दुधट दिसत असेल तर त्यात पाणी शिरलंय, पावसाळ्यात आणि पुराच्या पाण्यातून गेलेल्या गाडीत हे होतं. फेस असेल तर हवा शिरली आहे. काळपट आणि करपट वास येत असेल तर तेल जुनं झालंय.

तेल कोणतं टाकायचं हे पुस्तिकेत लिहिलेलं असतं. काही कॅराव्हॅनच्या जॅकमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल चालतं, जेसीबीला हायड्रॉलिक तेल लागतं. ब्रेक ऑइल मात्र चुकूनही टाकू नका, त्याने सील फुगून खराब होतात.

स्टेप ५: रॉड, स्प्रिंग आणि पाइप

टॉर्च लावून बाजूने रॉड पाहा. तो आरशासारखा गुळगुळीत हवा. कोकणातली खारट, दमट हवा आणि वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस, यात उघडा राहिलेला रॉड गंजायला वेळ लागत नाही. गंजाचे खड्डे सीलला घासतात, पाय अडखळतो आणि नंतर तेल गळायला लागतं.

माती लागली असेल तर ओल्या कपड्याने पुसा, कोरडं करा आणि सिलिकॉन स्प्रेचा पातळ थर द्या. रॉडवर जाड ग्रीस फासू नका. त्याला वाळूचे कण चिकटतात आणि तेच सील कापतात. ग्रीस द्यायचं ते जेसीबीच्या पिनांना, जिथे ग्रीस निपल असतो तिथे.

स्प्रिंग ताणून ढिली झाली किंवा तुटली असेल तर ती बदलावीच लागते, तेही जोडीने. स्प्रिंग ताणलेली असताना ती काढायचा प्रयत्न घरी करू नका. रॉड वाकलेला दिसला तर तिथेच थांबा, तो वर्कशॉपचाच विषय आहे.

तेलगळती हाताने चाचपू नका. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून दाबाखाली सुटलेलं तेल कातडीत घुसतं. बाहेरून फक्त टोचल्यासारखं दिसतं, पण आत मोठी इजा झालेली असते आणि तातडीने ऑपरेशन लागू शकतं. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरा, तेलाचा डाग पडेल. असं काही झालंच तर दुखत नाही म्हणून वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना 'दाबाखालचं हायड्रॉलिक तेल घुसलंय' असं स्पष्ट सांगा.

रस्त्यातच अडकलात तर?

अनेक कॅराव्हॅनच्या पंपावर हाताने उघडायचा व्हॉल्व्ह असतो. पुस्तिकेत दाखवलेल्या जागी तो पान्याने किंवा एलन कीने हळूहळू उघडला की स्प्रिंगवाला जॅक वर येतो. उघडताना कोणीही गाडीजवळ नको, कारण गाडी खाली बसणार आहे. ती चाकांवर बसल्यानंतर पाय थोडा खाली राहिला असेल तर बाजूने लांब लाकडी दांडा वापरून वर ढकला आणि साखळी किंवा पट्ट्याने घट्ट बांधा. काम झालं की व्हॉल्व्ह परत बंद करा. मग हळू वेगाने जवळचं गॅरेज गाठा.

जेसीबीसारख्या दोन्हीकडून दाब असणाऱ्या जॅकला ही युक्ती लागू होत नाही. त्यात पाय जागेवर धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो आणि तो अडकला तर आत दाब साठलेला असतो. होज पाइपचा नट ढिला करून दाब सोडायचा प्रयत्न करू नका. मेकॅनिकला बोलवा. राष्ट्रीय महामार्गावर अडकला असाल तर १०३३ ही हेल्पलाइन आहे. मदत येईपर्यंत गाडीच्या मागे पुरेशा अंतरावर लाल त्रिकोण ठेवा.

तुमचा फोन इथे काय कामाचा?

- व्हिडिओ: मेकॅनिकला 'पाय येत नाही' एवढाच मेसेज पाठवून उपयोग नाही. बटण दाबल्यापासून पुढचे वीस सेकंद आवाजासकट शूट करा. सोबत चार फोटो: पॅनेलवरचे दिवे, अडकलेला पाय, पंपाची टाकी आणि नंबरप्लेट, म्हणजे यंत्रावरची मॉडेलची पट्टी. मग तो येताना बरोबर सील किंवा कॉइल घेऊन येऊ शकतो.
- लेव्हल अ‍ॅप: गाडी समतल आहे का हे फोनचा अ‍ॅक्सेलेरोमीटर सांगू शकतो. पण कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे फोन पाठीवर ठेवला तर आकडा चुकतो. सरळ फळीवर फोन आडव्या कडेवर उभा ठेवा. एकदा आकडा घ्या, मग फोन १८० अंशात फिरवून पुन्हा घ्या आणि दोन्हीची तुलना करा.
- रात्रभराची चाचणी: पाय वर घ्या, रॉडचा किती भाग उघडा आहे ते टेप लावून फोटोत टिपा. सकाळी तोच फोटो पुन्हा काढा. पाय खाली सरकला असेल तर आतून सील किंवा व्हॉल्व्ह गळतोय.
- फोन काय करू शकत नाही: अ‍ॅपने गाडीच्या बॅटरीचं व्होल्टेज मोजता येत नाही. त्यासाठी मल्टिमीटर किंवा गाडीला जोडायचं वेगळं यंत्रच लागतं.

थोडक्यात लक्षात ठेवा

आधी गाडी सुरक्षित, मग 'एक की सगळे' हा प्रश्न, मग चिखल, बॅटरी, तेल आणि शेवटी रॉड. याच क्रमाने गेलात तर उगाच पंप बदलायचा खर्च वाचतो. आणि निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा, प्रत्येक पाय स्वतःच्या डोळ्यांनी वर आलेला पाहा. पॅनेलवरचा हिरवा दिवा चुकू शकतो. घरात, ओळखीत कोणी जेसीबी किंवा हायड्रा चालवत असेल, तर त्यांनाही ही माहिती नक्की दाखवा.