बिब्राक्तेच्या वेशीतून

वेशीत क्षणभर थांबा. ती सुमारे 20 मीटर रुंद आहे. बैलगाड्या समोरासमोर आल्या तरी कुणी कुणासाठी खोळंबत नाही. साल इ.स.पू. 52, दिवस उन्हाळ्याचे. आजच्या फ्रान्समधल्या मोर्व्हाँच्या डोंगराळ मुलखात, एदुई या केल्टिक जमातीच्या राजधानीत तुम्ही शिरताय. गावाचं नाव बिब्राक्ते.

तटाला हात लावून पाहा. दगडांच्या थरांतून लाकडी तुळयांची तोंडं दिसतात. आत या तुळया एकमेकींवर आडव्या टाकून लांब लोखंडी खिळ्यांनी जखडल्या आहेत आणि मधली जागा माती-दगडांनी भरली आहे. दगड असल्यामुळे आग पसरत नाही, लाकूड असल्यामुळे भिंत धडका मारून पाडता येत नाही. अशा तटांचं वर्णन ज्युलियस सीझरनेही केलं आहे, म्हणजे ते फोडायला आलेल्या माणसाने.

वेशीतून आत येताच ठोक्यांचे आवाज कानावर आदळतात. हा लोहारांचा आणि कासारांचा भाग. एकजण काशाच्या दागिन्यावर तांबडी मीनाकारी चढवतोय. पुढे इटलीहून दारू भरून आलेले दोन कानांचे उंच मातीचे रांजण रचून ठेवलेत. ते इतके आहेत की फुटक्या खापरांचा वापर रस्त्यात भर घालायलाही होईल. रोमशी एदुईंचा व्यापार जुना. रोमची सिनेट त्यांना ‘भाऊ’ म्हणत आली आहे. आज तेच भाऊ उलटलेत.

गर्दीबरोबर वर चला. गॉलच्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या, जवळजवळ सगळ्या जमातींचे लोक जमले आहेत. रेमी आणि लिंगोनीस आले नाहीत, त्यांनी रोमची बाजू धरली आहे. प्रश्न एकच, सीझरविरुद्धच्या लढाईचं नेतृत्व कुणाकडे द्यायचं? मान वर करून बघा: तो अर्व्हेर्नी जमातीचा तरुण सरदार व्हेर्सिंजेटोरिक्स. सगळे त्याच्याच बाजूने कौल देतात. शेजारच्या एदुई सरदारांचे चेहरे मात्र उतरलेत. नेतेपद आपल्याला मिळेल असं त्यांनी धरलं होतं, आणि सीझरची मैत्री तर हातची गेलीच आहे.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. या सभेबद्दल आपल्याला जे कळतं ते सीझरकडूनच. केल्ट लोकांना अक्षरं ठाऊक नव्हती असं नाही. हिशेबाला ते ग्रीक लिपी वापरत. पण द्रुइड, म्हणजे त्यांचे पुरोहित, आपलं ज्ञान लिहीत नसत, तोंडपाठ करवून घेत, आणि काही शिष्य त्यासाठी 20 वर्षं देत. ती पाठांतराची परंपरा तुटली. त्यांची बाजू त्यांच्याच शब्दांत सांगणारा ग्रंथ आपल्या हाती नाही, ही युरोपच्या इतिहासातली फार मोठी हानी आहे असं मला मनापासून वाटतं.

काही महिने पुढे या. सीझरने वेढलेला अलेसियाचा गड पडलाय, व्हेर्सिंजेटोरिक्स कैदेत आहे, इ.स.पू. 46 मध्ये रोमला त्याला ठार करतील. बिब्राक्तेत या हिवाळ्यात मुक्काम आहे तो सीझरचा.

आणखी एक-दोन पिढ्या पुढे. घरं रिकामी होताहेत. बिऱ्हाडं डोंगर उतरून सपाटीवर वसवलेल्या नव्या शहरात चालली आहेत. तिथे रुंद सरळ रस्ते आहेत, वेशी आहेत, थिएटर येणार आहे. नाव सम्राटाचं: ऑगस्टोडुनुम. पण अर्धंच सम्राटाचं. शेवटचं ‘डुनुम’ केल्टिक आहे, म्हणजे गड. आज त्या शहराला ओतँ म्हणतात. लोकांच्या बोलण्यात ऑगस्टसही झिजला आणि गडही, पण गड गेला नाही. इ.स.पू. 43 मध्ये रोमन सेनापती प्लांकसने वसवलेल्या लुग्डुनुमची, आजच्या लियाँची, तीच कथा. ईशान्येला जर्मनीच्या सीमेकडे व्हेर्दाँमध्येही हाच ‘डुनुम’ आहे. पॅरिसमध्ये पारिसी जमात आहे, मध्य युरोपातल्या बोहेमियात बोई. सेन नदीत सेक्वाना देवी वाहते. तिच्या उगमापाशी भाविक लाकडी मूर्ती वाहत असत. ही नावं सीझरने दिलेली नाहीत. म्हणून मला ती त्याच्या पानांइतकीच मोलाची वाटतात: ती त्या लोकांच्या तोंडची आहेत.

आता 1867 मध्ये या. डोंगरावर बीचची झाडं माजली आहेत. बिब्राक्ते म्हणजे ओतँच, असं कित्येक विद्वान मानून चालले आहेत. पण या डोंगराला लोक ब्यूव्हरे म्हणतात, आणि त्या उच्चारात बिब्राक्ते अजून ऐकू येतं. ओतँचा झाक-गाब्रिएल ब्यूलिओ इथे खणायला लागतो. धंद्याने तो दारूचा व्यापारी. मातीखालून तट निघतो, कारागिरांची वस्ती निघते, आणि इटलीच्या दारूच्या रांजणांची खापरं निघतात, ढिगांनी.