आत्याचा शपथेचा कागद

परवा आत्याकडे गेलो होतो. ट्रंक आवरताना तिचा नर्सिंगचा बिल्ला आणि शपथेचा पिवळा पडलेला कागद सापडला. लहानपणी आम्हा सगळ्यांना तिचा राग यायचा. गल्लीतलं कुणी अ‍ॅडमिट झालं की आई विचारायची, "वन्सं, काय झालंय हो त्यांना?" उत्तर ठरलेलं, "बरे आहेत." पुढे एक शब्द नाही!

त्या शपथेला नाव फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं, पण ती तिने लिहिलेली नाही. १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या हार्पर हॉस्पिटलमधल्या नर्सिंग स्कूलसाठी लिस्ट्रा ग्रेटर आणि तिच्या समितीने ती रचली, डॉक्टरांच्या हिपोक्रेटिसच्या शपथेवरून. काम करताना कळलेल्या रोग्याच्या खाजगी आणि घरच्या गोष्टी मनातच ठेवीन, असं वचन तिच्यात आहे. 'घरच्या' का? तर तेव्हा तिकडे शिकून बाहेर पडलेल्या बऱ्याच नर्स लोकांच्या घरी राहून सेवा करत. ताप बघायला गेलेल्या बाईला घरातलं कर्ज, दारू, भांडणं, सगळंच दिसणार. (नाइटिंगेलबाईंनीही 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये गप्पिष्ट नर्स नको म्हणून बजावलं होतंच.)

पण नर्सने तोंड मिटलं म्हणून गुपित राहतंच असं नाही. गोव्यातल्या डॉमनिक डिसूझाचं उदाहरण घ्या. त्याने रक्तदान केलं, त्या रक्तात एचआयव्ही सापडला आणि १९८९ साली पोलिसांनीच त्याला उचललं. क्षयरोग्यांच्या जुन्या, ओस पडलेल्या इमारतीत ६४ दिवस कोंडून ठेवलं. तेव्हाचा तिथला कायदाच तसा होता. सगळ्या गोव्याला त्याचा आजार कळला. १९९२ साली तो गेला.

पुढे १९९८ साली एका रुग्णाचा एचआयव्हीचा रिपोर्ट हॉस्पिटलने उघड केल्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. त्याचं लग्न मोडलं होतं. होणाऱ्या बायकोचा जीव महत्त्वाचा, म्हणून कोर्टाने हॉस्पिटलला दोष दिला नाही. मला दोन्ही बाजू पटतात, काय करणार! संमतीशिवाय अशी माहिती फोडायची नाही आणि अपवाद कुठले, हे कायद्यात लिहिलं गेलं ते २०१७ साली. तो लागू झाला सप्टेंबर २०१८ मध्ये.

आत्याला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, आमच्या वॉर्डात त्या पेशंटच्या कॉटवर लाल अक्षरांची पाटी लावायचे. आम्ही गप्प राहून काय उपयोग? झाडूवाल्यापासून भेटायला आलेल्यांपर्यंत सगळे वाचायचे."

"मग?"

"मग काय... ड्यूटीवर आले की पाटी उलटी करून ठेवायचे. राउंडच्या आधी परत सुलटी. दोनदा मेमो मिळाला."

त्यातलं आपल्या ओळखीचं कुणी होतं का, असं मी विचारलंच. तिने चहात साखर किती घालू ते विचारलं.