टेबलटॉप आरपीजी : प्रकाशक आणि त्यांचा दर्जा

टेबलटॉप आरपीजी प्रकाशक : मेजाभोवती बसून, फासे टाकत, बोलता बोलता रचल्या जाणाऱ्या रोल-प्लेइंग खेळांची नियमपुस्तके, साहसकथा आणि काल्पनिक जगांची वर्णने छापणाऱ्या संस्था. या खेळात एक जण गेम मास्टर होऊन प्रसंग उभा करतो. बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेऊन ते पात्र काय करते हे सांगतात. पट आणि सोंगट्या नसल्या तरी चालते, नियमपुस्तकावाचून मात्र अडते. ते पुस्तक दोनदा वाचले जाते : एकदा घरी निवांतपणे आणि पुन्हा ऐन खेळात, चार जण ताटकळत असताना. प्रकाशकाचा कस दुसऱ्या वाचनात लागतो.

दर्जाची तुलना साधारणपणे चार अंगांनी होते : नियमांची स्पष्टता, साहसांची बांधणी, पुस्तकाची घडण म्हणजे सूची, मांडणी व शिवण, आणि ग्राहकांशी व इतर लेखकांशी असलेला व्यवहार. चारही बाबतींत अव्वल ठरेल असे घर अजून झालेले नाही. ज्या कामातून जो प्रकाशक वर आला, त्या कामाचा ठसा त्याच्या पुस्तकांवर राहिला.

पहिले घर टीएसआर. गॅरी गायगॅक्स आणि डॉन के यांनी 1973 मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावी ते सुरू केले. 1974 मध्ये गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ तीन छोट्या पुस्तिकांच्या खोक्यात निघाला. पहिल्या हजार प्रती वर्षभरात संपल्या. ही मंडळी युद्धखेळ खेळणारी होती आणि वाचकही आपल्यातलाच असणार असे त्यांनी धरले होते. रानावनातल्या प्रवासासाठी तर वाचकाने दुसऱ्याच कंपनीचा ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ हा पटखेळ वापरावा, असे सुचवले होते. कल्पना अफाट, लेखन तुटक.

हात जरा सैलच राहिला. 1985 च्या ‘अनअर्थ्ड अर्काना’ची बांधणी इतकी कच्ची, की थोड्याच दिवसांत पाने हातात येत. 1990 च्या दशकातल्या ‘एन्सायक्लोपीडिया मॅजिका’ या जादुई वस्तूंच्या कोशात ‘मेज’ (जादूगार) हा शब्द सरसकट ‘विझर्ड’ने बदलताना ‘डॅमेज’चेही ‘डॅविझर्ड’ झाले आणि ते तसेच छापून आले. या चुकीवर खेळाडू अजून हसतात. दशकाच्या मध्याला कंपनीने एकामागून एक नवी जगे बाजारात ओतली. ‘प्लेनस्केप’सारखी काही अस्सल होती, पण ग्राहक विभागला गेला, कर्ज चढले आणि 1997 मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टने टीएसआर विकत घेतली. विझर्ड्स 1999 मध्ये हॅस्ब्रोकडे गेली.

विझर्ड्सचा पाया ‘मॅजिक’ या पत्त्यांच्या खेळातला. तिथे एका शब्दाच्या चुकीने डाव फिरतो, म्हणून नियम काटेकोर लिहिण्याची सवय. 2014 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची पाचवी आवृत्ती काढण्यापूर्वी तिची जाहीर चाचणी सुमारे दोन वर्षे चालली. नवख्याला हाताशी धरणारे नियम, भरपूर रंगीत चित्रे आणि जगभर वितरण ही या घराची बलस्थाने. साहसग्रंथ मात्र गेम मास्टरकडून बरेच काम मागतात. पाचव्या आवृत्तीच्या मुख्य पुस्तकांची पीडीएफही कंपनी विकत नाही.

केऑसियमची जात वेगळी. ग्रेग स्टॅफर्ड यांनी 1975 मध्ये ते काढले तेव्हा त्यांच्या डोक्यात पुराणकथा होत्या; ‘ग्लोरांथा’ हे त्यांचे जग देवदेवता आणि विधींवर उभे आहे. सँडी पीटरसन यांच्या ‘कॉल ऑफ क्थुलू’ने 1981 मध्ये नायकाच्या मनःस्वास्थ्यालाच आकडा दिला : भयंकराशी जितकी गाठ पडेल तितका तो घसरतो. ‘मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप’ (1984) हे न्यूयॉर्क, लंडन, कैरो, केनिया आणि शांघायपर्यंत नेणारे साहस आजही मापदंड मानले जाते. त्यातली वृत्तपत्रांची कात्रणे आणि पत्रे खेळाडूंच्या थेट हातात देता येतात. नियमांची चौकट चार दशके फारशी हलली नसल्याने जुनी साहसे किरकोळ बदलांनी नव्या आवृत्तीत चालतात. कारभार मात्र एकदा पार कोलमडला. 2013 मध्ये ‘कॉल ऑफ क्थुलू’च्या सातव्या आवृत्तीसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर पाच लाख डॉलरपेक्षा जास्त निधी गोळा झाला, पुस्तके रखडली, आणि 2015 मध्ये व्यवस्थापन बदलल्यावरच गाडी रुळावर आली.

पायझो मासिकांतून आली. 2002 पासून ती ‘ड्रॅगन’ आणि ‘डंजन’ ही नियतकालिके छापत होती. 2007 मध्ये ती छापण्याचा परवाना संपला. दरमहा साहस देण्याची शिस्त कायम ठेवून तिने स्वतःच्या क्रमशः साहसमालिका सुरू केल्या. पुढे त्यांच्यासाठी 2009 मध्ये ‘पाथफाइंडर’ हा स्वतंत्र खेळ आणला. सलग कथानक, नकाशे, उपकथा हे सारे तयार मिळावे, अशी अपेक्षा असणाऱ्याला हे घर मानवते. नियमांचे जंगल हा त्यावरचा जुना आक्षेप. 2019 च्या दुसऱ्या आवृत्तीत ते बरेच तासले गेले.

टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या स्टीव्ह जॅक्सन गेम्सचा ‘गर्प्स’ 1986 मधला. कोणत्याही काळाला आणि विषयाला चालेल अशी ही नियमव्यवस्था. पात्र तयार करतानाच बेरीज-वजाबाकीने जीव मेटाकुटीला येतो, पण विषयवार पुस्तकांतले संशोधन असे, की न खेळणारेही ती विकत घेतात. 1 मार्च 1990 रोजी अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने कार्यालयावर छापा घालून ‘गर्प्स सायबरपंक’चे हस्तलिखित संगणकांसह उचलून नेले. कंपनी कोर्टात गेली आणि 1993 मध्ये जिंकली. पुस्तक त्याआधीच निघाले होते.

अलीकडे पुस्तकाच्या रूपाकडे लक्ष वळवले ते स्वीडनने. फ्री लीगचा ‘टेल्स फ्रॉम द लूप’ (2017) सिमॉन स्टोलेनहाग यांच्या चित्रांतून जन्मला. ‘मर्क बोर्ग’ (2020) तर पिवळ्याजर्द पानांवरचे जणू भित्तिचित्रच. याउलट टोकाला ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’ : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या जुन्याच नियमांचे हे पुनर्लेखन एकेक विषय समोरासमोरच्या दोन पानांत बसवते. शोभेत पहिल्या दोघांना तोड नाही. ऐन खेळात नियम शोधायचा तर तिसरे सरस.

संशोधनाची पारख मराठी वाचकाला एका शब्दावर करता येईल : राक्षस. टीएसआरच्या 1977 च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये तो वाघाचे तोंड असलेला, चिलीम ओढणारा इसम आहे, पुढे त्याचे तळहातही उलटे झाले. रामायण ऐकून वाढलेल्याला तो ओळखू येणार नाही. विझर्ड्सच्या 2022 च्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’मध्ये मूळच्या कोलकात्याच्या लेखिका मिमी मंडल यांनी लिहिलेले साहस आहे. ज्याची संस्कृती त्याच्याकडे लेखणी, हा बदल व्हायला चाळीस वर्षांहून अधिक काळ गेला.

व्यवहाराची परीक्षा जानेवारी 2023 मध्ये झाली. विझर्ड्सने 2000 मध्ये दिलेला, आपले नियम इतरांना वापरू देणारा मुक्त परवाना मोडीत काढायचा मसुदा फुटला आणि त्यावर पोट असलेले छोटे प्रकाशक हादरले. महिना संपण्याआधी कंपनीने माघार घेऊन मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले केले. पायझोने इतर प्रकाशकांना बरोबर घेऊन ‘ऑर्क’ हा वेगळा परवाना काढला.

पुरस्कारांमध्ये ‘एनी’चा बोलबाला असतो, ते दरवर्षी जेन कॉन या मेळाव्यात दिले जातात. स्वतः तुलना करून पाहणाऱ्याला पदरचे पैसे घालावे लागत नाहीत. पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम, ‘पाथफाइंडर’चे नियम, ‘कॉल ऑफ क्थुलू’ची प्रवेशिका आणि बत्तीस पानी ‘गर्प्स लाइट’ हे चारही विनामूल्य मिळतात.