हवा, पंक्चर आणि पाना : एका चाकाच्या दुरुस्तीचा इतिहास

आजचा विषय साधा आहे. टायर, त्यातही स्कूटरचा टायर. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि आता टायरवर बोलायला उभे आहोत, याचं काहींना हसू येईल. येऊ द्या. पण हा विषय आम्ही निवडला नाही, तो आमच्याकडे चालत आला. खरं तर ढकलत आला.

झालं असं, की आमच्या घरच्या विजेच्या स्कूटरच्या मागच्या टायरला कडेच्या बाजूला काप गेला. दगड लागला असेल किंवा खड्ड्याची कड. हवा गेली. गाडी ढकलत आम्ही नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेली. हा माणूस गेली वीसेक वर्षं आमची चाकं सांभाळतो आहे. त्यानं खाली वाकून बघितलं, चाकाच्या मधोमध असलेल्या मोटरकडे आणि आसातून निघालेल्या जाड वायरकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "काका, याला मी हात लावत नाही. वायर तुटली, वॉरंटी गेली, तर तुम्ही मलाच बोलाल." शेवटी गाडी टेम्पोत घालून सर्व्हिस सेंटरला गेली आणि चार दिवसांनी परत आली. बिघाड होता चार बोटं रबराचा.

त्या चार दिवसांत आम्ही विचार करत बसलो. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर यांनी १९२७ साली एक गोष्ट मांडली होती. हातोडी नीट चालते तोवर ती आपल्याला दिसतच नाही, आपलं लक्ष खिळ्याकडे असतं. ती मोडली की मग ती 'वस्तू' म्हणून समोर उभी राहते. टायरचंही तसंच आहे. पण आम्हाला त्यापुढचा एक प्रश्न पडला. वस्तू मोडल्यावर समोर येते हे ठीक, पण ती कोणाच्या समोर येते? दुरुस्ती कोणाच्या हातात असते? या प्रश्नाचं उत्तर काळानुसार बदलत गेलेलं आहे. आज तोच इतिहास बघू.

सुरुवात १८४५ मध्ये. रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या तेवीस वर्षांच्या स्कॉटिश इंजिनियरने हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं. रबर लावलेल्या कापडाची नळी, तिच्यात हवा, आणि वरून चामड्याचं आवरण. ही चाकं घोडागाड्यांना लावून त्यानं लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये लोकांना दाखवली. गाडी हलकी चालायची, आवाज करायची नाही. एका जोडीनं तर १२०० मैल अंतर काटलं असं नोंदलेलं आहे. म्हणजे शोध लागला होता, चालतही होता. तरीही तो विसरला गेला. चांगलं रबर महाग होतं, सायकल अजून रस्त्यावर आली नव्हती, मोटारीला तर चाळीस वर्षं अवकाश होता. आणि चामड्याचं ते आवरण चाकाला पक्कं जखडलेलं असायचं. आतली नळी फुटली तर सगळं उसकटायचं, पुन्हा जोडायचं. पुढे थॉमसननेच वाफेच्या इंजिनांसाठी भरीव रबराची चाकं केली. हे लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला याच्याकडे परत यायचं आहे.

त्यानंतर चाळीसेक वर्षांनी बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हाच शोध पुन्हा लावला. डनलॉप पेशाने गुरांचे डॉक्टर. मुलाच्या तीनचाकी सायकलीला दगडी रस्त्यावर धक्के बसतात म्हणून त्यांनी रबरी नळी कापडात गुंडाळून चाकाला लावली. १८८८ मध्ये पेटंट मिळालं. पुढच्याच वर्षी विली ह्यूम नावाचा सायकलस्वार या टायरवर बेलफास्टच्या शर्यती जिंकला आणि भरीव चाकांचे दिवस भरले. थॉमसनचं जुनं पेटंट उजेडात आल्यावर डनलॉप यांचं मूळ पेटंट टिकलं नाही, पण तोवर धंदा उभा राहिला होता.

आता इथे खरी गोम बघा. डनलॉपचा टायर रिमला चिकटवलेला होता. पंक्चर झालं तर तो सोलून काढायचा, आतली नळी शोधायची, ठिगळ लावायचं आणि पुन्हा चिकटवायचं. १८८९ च्या सुमारास फ्रान्समध्ये क्लेर्माँ-फेराँ इथे मिशलँ बंधूंच्या रबराच्या कारखान्यात एक सायकलस्वार असाच बसलेला टायर घेऊन आला. दुरुस्तीला तीन तासांच्या वर गेले आणि डिंक वाळायला रात्र गेली. दुसऱ्या दिवशी एदुआर मिशलँ ती सायकल अंगणात चालवून बघायला गेले, तर काहीशे मीटरवर टायर पुन्हा बसला! दुसरा कोणी असता तर 'हवेचं खूळ नको' म्हणाला असता. एदुआर यांना मात्र दिसलं, की चूक हवेत नाही, चिकटवण्यात आहे. १८९१ मध्ये त्यांनी सुटा करता येणाऱ्या टायरचं पेटंट घेतलं. ब्रिटनमध्ये वेल्च आणि बार्टलेट यांनीही याच सुमारास आपापल्या पद्धतीनं टायर रिमपासून मोकळा केला होता.

त्याच वर्षी सप्टेंबरात पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी सुमारे १२०० किलोमीटरची सायकल शर्यत झाली. शार्ल तेराँ मिशलँच्या टायरवर, तर त्याचा मुख्य प्रतिस्पर्धी जिएल-लाव्हाल डनलॉपच्या टायरवर. दोघांनाही पंक्चर झालं, दोघांचाही तासभर दुरुस्तीत गेला. तरीही भरीव टायरवाले त्यांच्या जवळपास आले नाहीत. तिसऱ्या रात्री लाव्हाल झोपलेला असताना तेराँ पुढे निघून गेला आणि ७१ तास २२ मिनिटांत पॅरिसला पोहोचला. लोकांना त्यातून जे समजलं ते असं : टायर पंक्चर होणारच, पण पंक्चर म्हणजे प्रवासाचा शेवट नव्हे.

आमचं आजचं म्हणणं इथेच आहे. हवेचा टायर १८४५ मध्ये सुचला, १८८८ मध्ये धावला. पण तो लोकांचा झाला तो सुटा करता आला तेव्हा. शोध पूर्ण केव्हा होतो? ज्यानं तो लावला नाही, अशा माणसाला तो साध्या हत्यारांनी दुरुस्त करता येतो तेव्हा.

या गोष्टीला एक काळी बाजू आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. टायर झिजतो आणि बदलावा लागतो, म्हणून रबर सतत लागतं. १८९० नंतर टायरची मागणी वाढली, तेव्हा त्यातलं काही रबर आफ्रिकेतल्या काँगोच्या जंगलातल्या वेलींमधून येत होतं. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड हा त्या मुलखाचा जणू खासगी मालक. ठरवून दिलेलं रबर भरलं नाही तर बायकापोरं ओलीस धरायची, गावं जाळायची, हात तोडायचे. ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट यांचा अहवाल १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला, गदारोळ झाला आणि १९०८ मध्ये राजाला तो मुलूख सोडावा लागला. तेव्हा टायरच्या दुरुस्तीचा विचार करताना हेही ध्यानात ठेवायचं, की जो टायर वेळेवर हवा भरल्याने वर्षभर जास्त टिकतो, तो कोणाचे तरी कष्ट वाचवतो.

आता एका शब्दाकडे वळू. १९०४ मध्येच वेल्समधल्या लानेली गावात डेव्हिस बंधूंनी मोटारीसाठी जादा चाक विकायला सुरुवात केली. त्यांचं दुकान होतं स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून त्या चाकाचं नाव स्टेपनी. ब्रिटनमध्ये हा शब्द आज बहुतेक विसरला गेला. आपल्याकडे मात्र ट्रक ड्रायव्हरपासून प्राध्यापकापर्यंत सगळे म्हणतात, "स्टेपनी आहे ना?" आणखी एक गंमत बघा. इंग्रज पंक्चर 'सांधतो', आपण पंक्चर 'काढतो', काटा काढावा तसं. टायरचा इतिहास आपल्या भाषेत कारखान्याच्या बाजूने आलेलाच नाही, तो रस्त्याच्या कडेने आला.

स्कूटर आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. इटलीत पियाज्जो कंपनीसाठी कोरादिनो दास्कानिओ यांनी १९४६ मध्ये व्हेस्पाची रचना केली. हे गृहस्थ विमानं आणि हेलिकॉप्टरवाले. मोटरसायकल त्यांना आवडायची नाही, आणि त्याचं एक कारण म्हणजे तिचा टायर बदलणं जिकिरीचं. म्हणून त्यांनी पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं. नट काढले की चाक हातात. म्हणजे स्कूटरचं जे रूप आपण ओळखतो, त्याच्या मुळाशी पंक्चर झालेल्या माणसाचा विचार आहे.

ही रचना आपल्या पुण्यापर्यंत आली. आकुर्डीला बजाजने आधी व्हेस्पाच्या परवान्यावर स्कूटर बनवल्या आणि १९७२ मध्ये चेतक आणली. ज्यांनी चेतक चालवली त्यांना आठवेल, दहा इंची चाकं, पुढचं-मागचं सारखंच आणि सोबत स्टेपनी. रिम दोन अर्ध्या तबकड्यांची, नट-बोल्टने जोडलेली. टायर उचकटायला पट्ट्या लागायच्या नाहीत. बोल्ट काढले की दोन तबकड्या वेगळ्या आणि ट्यूब बाहेर. फक्त आधी हवा पूर्ण सोडायची. नाहीतर तबकडी उडून जबडा फोडायची. हे ज्ञान पुस्तकात नव्हतं, शेजाऱ्याकडून मिळायचं. आम्ही स्वतः पावसात, साडी नेसलेल्या सहचारिणीच्या हातात बॅटरी देऊन, हे चाक बदललेलं आहे. पंधरा मिनिटं लागली असतील, आणि दोन दिवस त्याचा अभिमान पुरला.

मग ट्यूबलेस आला. अमेरिकेत गुडरिच कंपनीने चाळीसच्या दशकात तो बाजारासाठी तयार केला, १९५५ पर्यंत तिथल्या बहुतेक नव्या मोटारींना तो बसू लागला. आपल्या स्कूटरवर तो पुष्कळ उशिरा आला. खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते, चाक न काढता बाहेरून चिकट दोरी ठोसून पाच मिनिटांत काम होतं. चांगली सोय. पण त्या सोयीबरोबर स्टेपनी गेली. २०२० मध्ये चेतक हेच नाव घेऊन विजेची स्कूटर आली, तिला स्टेपनी नाही. इतर बहुतेक विजेच्या स्कूटरनाही नाही.

विजेच्या स्कूटरने टायरवरचा भार वाढवला आहे, हेही समजून घ्या. बॅटरीचं वजन असतं. मोटर थांबल्या जागेवरून पूर्ण जोर लावते, म्हणून मागचा टायर घासतो. बऱ्याच गाड्यांत ब्रेक लावताना तीच मोटर चाकाला धरून वीज परत घेते, त्याचाही ताण टायरवर. हवा कमी असेल तर टायर तापतो, त्याच्या कडा चिरतात आणि एका चार्जमध्ये गाडी कमी पळते. पेट्रोलच्या गाडीत हे लक्षात येत नव्हतं, इथे समोरच्या पडद्यावर किलोमीटर घटताना दिसतात. तेव्हा पंधरवड्याला, गाडी थंड असताना, हवा मोजून घ्या. टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो. २३२३ म्हणजे २०२३ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नवीन म्हणून जुना टायर गळ्यात पडू नये यासाठी तो वाचा. बाणाची दिशा बघून टायर बसवला आहे ना, तेही बघा. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की बदलायची वेळ झाली. आणि कडेला काप असेल तर दोरी ठोसून भागवू नका, टायर बदलाच.

परदेशात उभं राहून चालवायच्या छोट्या विजेच्या स्कूटर आल्या, त्यांची गोष्ट तर आणखी बोलकी. शाओमीची २०१६ ची स्कूटर साडेआठ इंची हवेच्या टायरवर होती. तो टायर रिमवर चढवणं इतकं कठीण, की लोक तो गरम पाण्यात बुडवून मऊ करत. भाड्याच्या स्कूटरवाल्यांपैकी काहींनी मग हवाच काढून टाकली आणि भरीव टायर बसवले. पंक्चर नाही, पण हाडं खिळखिळी. थॉमसन आठवला का? पावणेदोनशे वर्षांनी आपण फिरून भरीव रबराशी आलो, आणि कारणही जुनंच : टायर काढता येत नाही.

पण हे काही विजेचं अटळ लक्षण नाही. चाकात मोटर बसवली तरी वायरला बाहेर एक साधा जोड ठेवता येतो, कोणते नट आधी काढायचे याचं एक पान छापता येतं. दास्कानिओंनी असा विचार १९४६ मध्ये केला होता. तो आज कारखान्यात कोणी करायचा आणि गिऱ्हाईक म्हणून आपण तो मागायचा की नाही, एवढाच प्रश्न आहे.

गाडी परत आल्यावर आम्ही मुद्दाम नाक्यावर गेलो. पंक्चरवाल्यानं हवा तपासली, पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "काका, मला कोणी एकदा उघडून दाखवलं ना, तर मी करीन. गिऱ्हाईक रोज येतात, रोज परत पाठवतो." वीस वर्षांचा अनुभव असलेला हा माणूस मागतोय काय, तर एकदा उघडून दाखवा. आम्ही आमच्या सर्व्हिस सेंटरला तसं पत्र लिहिलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे अशी गाडी असेल त्यांनीही लिहावं, ही विनंती.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.