यंत्राची पहिली वाणी

संगणकाची कळ दाबल्यापासून त्याचा पडदा कामास सज्ज होईपर्यंत जो अल्प काळ जातो, त्यालाहि एक इतिहास आहे. त्या अवधींत यंत्र आपली स्मृति, आपला कळफलक, आपल्या तबकड्या एकामागून एक तपासतें आणि त्याचा हिशेब लिहीत जातें. तो हिशेब कोणीं वाचावयाचा, हा आजचा प्रश्न आहे.

१९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स प्रणालीच्या उभारणीस आरंभ केला. त्या काळीं यंत्राशीं संभाषण होई तें टेलिटाइप नांवाच्या टंकयंत्रावर. त्यावर सेकंदास दहा अक्षरें, तींहि खडखडत, कागदावर उमटत. म्हणून शब्द तोडून बोलण्याची रीत पडली. पुढें कागद जाऊन कांच आली, तरी ‘टीटीवाय’ हें टेलिटाइपचें संक्षिप्त नांव त्या पडद्यास अद्यापि चिकटून आहे.

१९९१ सालीं हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यानें लिनक्स हा प्रणालीचा गाभा लिहिला व त्याची मूळ संहिता सर्वांस खुली केली. पडदा ८० रकान्यांचा आणि २५ ओळींचा. यंत्र जागें होतांना काळ्या पाटीवरून अक्षरें भराभर वर सरकत. नवख्यास तो मंत्रजागर वाटे. परंतु यंत्र मध्येंच अडलें, तर शेवटची ओळ बहुधा दोषाचें ठिकाण दाखवी.

हीं अक्षरें सामान्य माणसास भिववितात, असें पुढें वाटूं लागलें. २००८ सालीं फेडोराच्या दहाव्या आवृत्तींत प्लायमथ नांवाचा चित्रमय पडदा आला आणि हिशेब चित्रामागें गेला. तो नष्ट मात्र झाला नाहीं; एस्केपची कळ दाबतांच पुन्हां दिसतो. यजमानानें स्वयंपाकघराचें दार लोटून घ्यावें, पण कडी लावूं नये, तसाच हा प्रकार.

आपल्या दृष्टीनें आणखी एक अडचण आहे. लिनक्सच्या त्या पाटीवर अक्षरागणिक ठराविक चौकट असते आणि एका वेळीं ५१२ हून अधिक आकृती मावत नाहींत. रोमन लिपि तेथें सुखानें नांदते. देवनागरींतील ऱ्हस्व वेलांटी उच्चारांत व्यंजनानंतर येते, पण लिहावयाची त्याच्या आधीं. जोडाक्षरांत तर दोन वर्ण मिळून नवीच आकृति होते. ही जुळणी त्या पाटीस येत नाहीं. चित्रमय पडद्यावर मराठी शुद्ध उमटते. यंत्राची पहिली वाणी मात्र परकीच राहते.

संहिता खुली असणें म्हणजे दुरुस्तीचा अधिकार हातीं असणें. पण तो अधिकार बजावावयाचा, तर आधीं दोष वाचतां आला पाहिजे.